साडेतीन फूट

आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये, लिफ्टच्या दारापासून अकरा पावलांवर, जमिनीवर पिवळ्या ऑइलपेंटने तिरक्या रेघा ओढलेल्या आहेत. पट्टा गाडीइतका लांब आणि साडेतीन फूट रुंद. त्यात काहीही ठेवायचं नाही, एवढाच त्याचा उपयोग. काही न ठेवण्यासाठी राखलेली जागा ही कल्पना कोथरूडसारख्या भागात पचायला किती जड जाते, ते मी गेली तीन वर्षं बघतो आहे. चोवीस बिऱ्हाडांच्या आमच्या सोसायटीत गळकी गच्ची, टँकरचं पाणी आणि तेरावाल्यांचा कुत्रा या तिन्हींवर मिळून जेवढी तोंडं वाजली नसतील, तेवढी या साडेतीन फुटांवर वाजली. त्यात माझंही एक होतं. मी या सोसायटीचा सेक्रेटरी आहे, आणि सुरुवातीला मी चुकीच्या बाजूला होतो.

पट्टा सातवाल्यांसाठी आहे. आमच्याकडे माणसं फ्लॅटच्या आकड्यांनी ओळखली जातात, आडनावं फक्त मेंटेनन्सच्या पावतीवर येतात. सातवाले काका बँकेतून निवृत्त झाले, आता वय चौसष्ट. वयाच्या दुसऱ्या वर्षी पोलिओ झाला आणि डावा पाय गेला. त्यांच्या पिढीत हे काही नवल नव्हतं. देशातला शेवटचा पोलिओचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्याला सापडला आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. पण काकांच्या लहानपणी ज्यांचे पाय गेले ती मंडळी आता साठीच्या पुढे आहेत. तरुणपणी खांद्यांच्या आणि मनगटांच्या जोरावर जे रेटलं ते आता रेटत नाही. काका २०१९ पर्यंत साइड व्हीलवाली स्कूटर चालवायचे. पावसात पाठ धरायला लागली म्हणून त्यांनी ऑटोमॅटिक गिअरची गाडी घेतली. उजवा पाय ठणठणीत आहे, डाव्याला त्या गाडीत काम नाही.

ते गाडीतून उतरतात कसे, हे मी एकदा नीट उभं राहून पाहिलं. आधी सीट शेवटपर्यंत मागे. दार उघडायचं, पण आपण उघडतो तसं नाही, बिजागरी अडेपर्यंत. उजवा पाय खाली. मग डाव्या मांडीखाली दोन्ही हात घालून तो पाय उचलायचा आणि बाहेर घ्यायचा. मांडीपासून बुटापर्यंत कॅलिपर आहे. गुडघ्याशी एक कडी असते, ती वर ओढली की पाय दुमडतो, खाली सरकवली की पाय काठीसारखा सरळ होतो. कडी बसल्याचा ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत काका उभे राहत नाहीत. म्हणजे तो पाय बाहेर येतो तो सरळच. त्याला दाराचा पूर्ण कोन लागतो. शेजारी एखादी ॲक्टिव्हा लावलेली असेल तर दार अर्धं उघडतं, आणि अर्ध्या दारातून सरळ पाय बाहेर येत नाही. भूमितीच ती.

ही भूमिती कुणी मोजलेली नाही असं नाही. आपल्याकडे साध्या गाडीसाठी अडीच मीटर रुंदीची जागा धरतात. राष्ट्रीय इमारत संहितेत अपंग व्यक्तीच्या गाडीच्या जागेची रुंदी किमान ३.६ मीटर सांगितली आहे, आणि ती जागा प्रवेशद्वारापासून ३० मीटरच्या आत हवी असंही म्हटलं आहे. ३.६ मधून २.५ गेले, उरले १.१ मीटर. म्हणजे साडेतीन फूट आणि वर बोटभर. निळी पाटी, चाकाच्या खुर्चीचं चित्र, रंगरंगोटी हे सगळं नंतरचं. मुद्दा त्या १.१ मीटरचा आहे, आणि भांडणंही त्याच्यावरूनच होतात. कारण गाडी उभी असते तेव्हा ती जागा रिकामी दिसते. स्कूटरवाल्याला रिकामी जागा दिसली की त्याचं मन आपोआप हिशेब करतं.

सहकारी गृहनिर्माण संस्थेला वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. त्यामुळे बहुतेक वर्षी ती पितृपक्षातल्या एखाद्या रविवारी, पार्किंगमध्येच, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर भरते. २०२२ च्या सभेत काकांचा अर्ज होता. लिफ्टजवळची जागा कायमची मिळावी, एवढं एका ओळीचं पत्र. विषयपत्रिकेवर मी तो घेतला नव्हता. ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’ या रकान्यात ढकलला होता. ज्यांनी कुठल्याही सोसायटीची सभा पाहिली आहे त्यांना त्याचा अर्थ कळेल. तोवर चहा येऊन गेलेला असतो, निम्मे लोक उठलेले असतात आणि उरलेल्यांना भूक लागलेली असते.

आमची इमारत १९९७ ची. तेव्हा चोवीस फ्लॅटमध्ये मिळून सात गाड्या होत्या. आज एकोणतीस आहेत आणि जागा पंधरा. दर दसऱ्याला आणि दर पाडव्याला एखादी नवी गाडी झेंडूची माळ घालून गेटातून आत येते. आम्ही सगळे पेढा खातो, अभिनंदन करतो आणि मनात म्हणतो, आता ही लावणार कुठे? साडेतीन मुहूर्त आमच्या पार्किंगला भारी पडतात. म्हणून दरवर्षी चिठ्ठ्या टाकतो, आदर्श उपविधींतही तीच रीत सांगितली आहे. स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या, आणि त्या काढायला सहावाल्यांची नात.

त्या सभेत काकांच्या अर्जावर जे बोललं गेलं ते मी इतिवृत्तात ‘सविस्तर चर्चा झाली’ एवढ्या तीन शब्दांत गुंडाळलं. प्रत्यक्षात असं बोललं गेलं:

“अहो, गाडी चालवता येते म्हणजे तसे ठीकच आहेत की ते.”

“आज त्यांना दिली की उद्या माझे गुडघे पुढे येतील. मग मलाही द्या.”

“टोल माफ, बसमध्ये सवलत, वर जागापण? आम्ही काय पाप केलंय?”

“चिठ्ठी सगळ्यांना सारखी. त्यात भेदभाव नको.”

शेवटचं वाक्य माझं. तेव्हा ते फार न्याय्य वाटलं होतं. चिठ्ठीत काकांना नऊ नंबर निघाला, मागच्या भिंतीला, पंपरूमला लागून. पावसाळ्यात तिथे शेवाळ धरतं. काकांनी चिठ्ठी वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि “ठीक आहे” म्हणाले. मी म्हणालो, पुढच्या वर्षी बघू. ‘बघू’ आणि ‘शक्यतो’ या दोन शब्दांवर महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण चळवळीचा अर्धा डोलारा उभा आहे.

आठवाल्यांचा मुद्दा वेगळा होता. चिठ्ठ्या असल्या तरी लिफ्टजवळची जागा ते आपलीच धरत, आणि त्यांच्याकडे बिल्डरची १९९७ ची पावती होती. स्टिल्टखालची जागा त्यांनी रोख पैसे मोजून घेतली होती. अशा पावत्या पुण्या-मुंबईत हजारो लोकांच्या कपाटात लॅमिनेट करून ठेवलेल्या असतील. सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१० रोजी दहिसरच्या पांचाली सोसायटीच्या खटल्यात निकाल दिला, की स्टिल्टखालची जागा म्हणजे गॅरेज नव्हे, ती इमारतीची सामाईक जागा आहे आणि बिल्डरला ती वेगळी विकता येत नाही. महाराष्ट्राच्या १९६३ च्या मालकी फ्लॅट कायद्याखालचा तो निकाल आहे. आठवाल्यांना तो ठाऊक होता. तरी ते पावती घेऊनच आले. मला त्यांचा राग नाही. कष्टाचे पैसे दिलेले असले की कोर्टाचा निकाल वाचून ते गेले असं मनाला पटत नाही.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी धो धो पाऊस होता. साडेसातला मी दूध आणायला खाली उतरलो तर वॉचमन म्हणाला, सातवाले साहेब गाडीतच बसलेत. गेलो. इंजिन बंद, काचा धुरकटलेल्या, आत काका रेडिओ ऐकत बसलेले. दोन्ही बाजूंना स्कूटरी अगदी चिकटवून लावलेल्या होत्या, पावसामुळे सगळ्यांनी आत आणल्या होत्या. मी विचारलं, किती वेळ झाला? म्हणाले, पाऊण तास असेल. मी म्हटलं, अहो, फोन करायचात की! त्यावर ते मला म्हणाले, “करतो ना. आठवड्यातनं तीनदा करतो. तो माणूस टॉवेलवर असतो, जेवत असतो, त्याचं पोर झोपलेलं असतं. तो येतो, सॉरी म्हणतो, गाडी काढतो. चांगली माणसं आहेत. पण रोज कुणाला तरी खाली बोलवायचं म्हणजे रोज हात पसरायचा. आज म्हटलं, राहू दे.”

मी स्कूटर ओढून बाजूला केली. टक् असा आवाज आला आणि ते उभे राहिले.

त्या वर्षी विषय पत्रिकेवर आला. काका फाइल घेऊन आले होते. बँकेतला माणूस, प्रत्येक झेरॉक्सवर पेन्सिलने आकडा. दिव्यांगजन हक्क अधिनियम २०१६ च्या व्याख्या त्यांनी शांतपणे वाचून दाखवल्या. एप्रिल २०१७ पासून तो लागू आहे. १९९५ च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, याच्यात एकवीस आहेत. आमच्यापैकी बहुतेकांची समजूत होती की हा कायदा सरकारी कचेऱ्या, शाळा आणि रेल्वे स्टेशनांसाठी असावा. पण ‘खासगी आस्थापना’ म्हणजे काय हे सांगताना त्यात कंपनी, फर्म यांच्या जोडीला ‘सहकारी संस्था’ असाही शब्द आहे. तो वाचला गेला तेव्हा सभेत थोडी चुळबुळ झाली. भेदभावाच्या व्याख्येत आणखी एक गोष्ट आहे: ‘वाजवी सोय’ नाकारणं हाही भेदभावच. वाजवी म्हणजे समोरच्यावर अवाजवी बोजा न टाकता करता येण्यासारखी. लिफ्टजवळच्या जागेची अदलाबदल हा चोवीस बिऱ्हाडांवर केवढा बोजा? चिठ्ठी सगळ्यांना सारखी, या माझ्या वाक्याची हवा तिथे गेली.

आमच्यात एक इंजिनिअर आहेत, सोळावाले. त्यांनी हरकत घेतली की ३.६ मीटरचं माप मुख्यतः सार्वजनिक वापराच्या इमारती डोळ्यांसमोर ठेवून सांगितलेलं आहे. हरकत अगदीच गैरलागू नव्हती. पण मॉलमध्ये उतरताना पायाला जेवढी जागा लागते तेवढीच घरी उतरतानाही लागते, हे काकांच्या पत्नी मागून एवढ्या सरळपणे बोलल्या की सोळावाले खाली बसले.

ठराव झाला तो मात्र आमच्या पद्धतीचा. जागा ‘तात्पुरत्या स्वरूपात’ दिली. आठवाल्यांना बदल्यात चार नंबर. पट्टा आखला. आणि नोटीस बोर्डावर मी लिहिलं: ‘पिवळ्या पट्ट्यावर शक्यतो वाहन लावू नये.’

शक्यतो! त्या एका शब्दाने पुढची दोन वर्षं खाल्ली.

पहिल्याच आठवड्यात पट्ट्यावर सायकल आली. मग पिझ्झावाल्याची बाइक, दोनच मिनिटं. मग एकवीसवाल्यांची ॲक्टिव्हा, रात्रभर. दिवाळीत आकाशकंदिलाच्या कामट्यांचा ढीग. एकवीसवाल्यांच्या मुलाला काकांनी टोकलं तेव्हा तो जे बोलला ते इथे लिहिण्याजोगं नाही, पायावरून होतं. चारचौघांत होतं. अपंग व्यक्तीला लोकांसमोर मुद्दाम अपमानित करण्याला याच कायद्याच्या ९२ व्या कलमात सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद आहे. मी काकांना ते सांगितलं. जोर करून सांगितलं, कारण मला माझं जुनं फेडायचं होतं. त्यांनी मला चहा दिला आणि विचारलं, “चौकीत तक्रार करून मी घरी कुठल्या लिफ्टने येऊ? तो लिफ्टमध्ये असेलच ना?”

शेजाऱ्यांची भांडणं कायद्यापर्यंत का जात नाहीत, याचं उत्तर मला नंतर कुणाकडेही यापेक्षा चांगलं मिळालं नाही. अपंगांसाठीच्या राज्य आयुक्तांचं कार्यालय इथे पुण्यातच आहे. आयुक्तांना दिवाणी न्यायालयाचे काही अधिकार आहेत, ते चौकशी करतात, शिफारस करतात आणि त्यावर काय केलं ते तीन महिन्यांत कळवावं लागतं. सोसायटीच्या कारभाराची तक्रार घेऊन उपनिबंधकांकडेही जाता येतं. वाटा आहेत. पण वाटेवरून परत यायचं घर तेच असतं.

या लेखासाठी म्हणून मी आणखी काही घरी गेलो. पेठेतल्या एका आईचा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे, चाकाची खुर्ची लागते. त्यांच्या इमारतीला पार्किंगच नाही, गाडी रस्त्यावर. गल्लीत पी-वन, पी-टूच्या पाट्या, म्हणजे सम तारखेला एका बाजूला, विषम तारखेला दुसऱ्या. ज्या दिवशी गाडी पलीकडच्या बाजूला लागते त्या दिवशी मुलाची खुर्ची रहदारीतून ढकलत न्यायची. त्यांनी दारासमोर दोन कुंड्या ठेवून पाहिल्या. शेजारच्या दुकानदाराने त्या उचलून आत ठेवल्या, आणि वर म्हणाला, रस्ता काय तुमच्या बापाचा आहे का. तो बरोबरच बोलला. रस्त्यावर कुंडी ठेवणं हे अतिक्रमणच. पण त्याच्या दुकानासमोर त्याचा स्वतःचा ‘ग्राहकांसाठी राखीव’ असा लोखंडी स्टँड होता. पुण्यात अर्ध्या गेटांवर ‘इथे गाडी लावल्यास हवा सोडली जाईल’ असं रंगवलेलं असतं. तो अधिकार कुठल्या कायद्यात आहे हे कुणी कुणाला विचारत नाही. मालकाची धमकी समाजाला कळते, अपंगाची विनंती मात्र अतिक्रमण वाटते. बाई म्हणाल्या, “मला जागा नकोच आहे हो. मला दाराशी दहा मिनिटं हवीत. मुलाला खुर्चीतून सीटवर घ्यायला दहा मिनिटं लागतात, तेवढ्यात मागे हॉर्न सुरू होतात.”

अपंगांसाठी रस्त्यावर गाडी लावण्याची रीतसर पद्धत ब्रिटनने बसवली आहे. १९७० मध्ये आल्फ मॉरिस या खासदाराने खासगी विधेयक आणून अपंगांसाठीचा कायदा करून घेतला. त्यांचे वडील पहिल्या महायुद्धात जायबंदी होऊन परतलेले. घरात काय चालतं ते त्यांनी लहानपणी पाहिलं होतं. त्या कायद्यातून १९७१ मध्ये गाडीच्या काचेत ठेवायचा नारिंगी बिल्ला आला, २००० पासून तो निळा झाला. आता ‘ब्लू बॅज’ म्हणतात. इंग्लंडात त्याला फार तर १० पौंड फी असते आणि बिल्ला तीन वर्षांपर्यंत चालतो. तो असला की एरवी मनाई असलेल्या पिवळ्या रेघेवरही तीन तास गाडी उभी करता येते. सोबत निळ्या पुठ्ठ्याचं एक घड्याळ असतं, किती वाजता गाडी लावली ते त्याच्यावर फिरवून ठेवायचं.

तिथे सगळं आखीव आहे म्हणून भांडण नसेल असं मला वाटलं होतं. माझी एक मामेबहीण इंग्लंडात असते, तिने ते भूत उतरवलं. तिच्या सासूबाईंना संधिवात. एकाला एक लागून घरं, गॅरेज नाही, गाड्या रस्त्यावर. त्यांनी कौन्सिलकडे अर्ज केला, माणूस येऊन पाहून गेला, आणि बऱ्याच महिन्यांनी घरासमोर रस्त्यावर पांढऱ्या रेघांची चौकट आली. शेजारी बोलले काही नाहीत. त्यांच्याकडे बोलत नाहीत, फक्त ‘गुड मॉर्निंग’ बंद होतं. तिसऱ्या आठवड्यात त्या चौकटीत भलतीच गाडी. काचेत निळा बिल्ला. माझी बहीण तावातावाने विचारायला गेली, तर कळलं की ती जागा तिच्या सासूबाईंची नाहीच. रस्त्यावरची अशी चौकट कुणाच्या नावाची नसते, बिल्ला असलेल्या कुणालाही ती खुली असते. चार घरं पलीकडे डायलिसिसवर असलेले एक गृहस्थ होते. त्यांनाही बिल्ला होता.

बिल्ला नसलेल्याने गाडी लावली तर? तर आणखी गंमत. इंग्लंडात वस्तीतल्या अशा पुष्कळ चौकटी नुसत्या ‘सल्ल्याच्या’ असतात. मागे वाहतुकीचा रीतसर आदेश नसेल तर तिथे गाडी लावणाऱ्याला दंड करता येत नाही, सगळी भिस्त शेजारधर्मावर. म्हणजे रंग पांढरा, अक्षरं इंग्रजी, पण आमच्या नोटीस बोर्डावरचा ‘शक्यतो’च तो! स्कॉटलंडने २००९ मध्ये वेगळा कायदा करून अशा सल्ल्याच्या जागांना कायद्याचा आधार द्यायची जबाबदारी कौन्सिलांवर टाकली. दोन्हीकडचा फरक समजून घेताना मला आमचंच इतिवृत्त आठवत होतं.

तिकडच्या भांडणांचा आणखी एक प्रकार आता आपल्याकडेही आला आहे. ऑगस्ट २०१९ पासून इंग्लंडात डोळ्यांना न दिसणाऱ्या अपंगत्वासाठीही हा बिल्ला मिळू लागला. मग काचेवर चिठ्ठ्या चिकटायला लागल्या: तू तर चालत गेलास, आम्ही पाहिलं! पाहणारे खरंच बोलत असतात. माणूस चालत जातो. पन्नास पावलं जातो आणि एक्कावन्नाव्याला बसतो, ते पाहायला कुणी थांबत नाही. आपल्याकडे हा संशय टक्क्यांत व्यक्त होतो. ‘तुमचे किती टक्के?’ असं लोक बिनदिक्कत विचारतात, जणू दहावीचा निकाल. सरकारी लाभांसाठी चाळीस टक्क्यांची रेघ आहे, ती पाठ झाल्यामुळे पार्किंगमधला प्रत्येक जण मेडिकल बोर्डाचा सभासद झाला आहे. आमच्या एकवीसवाल्यांनी काकांकडे यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, दाखवायची मागणी केली होती. काकांनी दाखवलं. मला शरम वाटली, त्यांना नाही. त्यांनी आयुष्यभर ते दाखवलं आहे.

दुसरी बाजूही लिहितो, नाहीतर सोळावाले हा लेख वाचून मला फोन करतील. सवलतीचा गैरफायदा घेतला जातो. ठाण्याच्या एका सोसायटीत आजींसाठी म्हणून गेटजवळची जागा दिली होती. आजी वारल्यावर दोन वर्षं नातू तिथे मोटार लावत होता, आणि विचारलं की आजींचं नाव काढून डोळ्यांत पाणी आणत होता. अशा एका नातवामुळे दहा काकांची जागा अडते. म्हणून माझं मत असं झालं आहे, की जागा माणसाला द्यावी, फ्लॅटला नको. दरवर्षी कागद तपासावा. आणि गरज संपली की ती परत घेताना कुणी रडू नये. पण हे तपासण्याचं काम समितीने करावं, जिन्यात भेटणाऱ्या प्रत्येकाने नव्हे.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९.६ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली होती. त्यानंतर व्याख्या रुंदावली आणि आपण सगळे चौदा वर्षांनी म्हातारे झालो. आमच्याच चोवीस बिऱ्हाडांत आज नऊ घरांत सत्तरीच्या वरचं माणूस आहे. अपंगचं दिव्यांग झालं, डिसेंबर २०२२ मध्ये राज्यात दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभागही झाला. काका म्हणतात, “शब्द चांगलाय. पण दार अजून अर्धंच उघडतं.”

नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आला. राजीव रतुरी या दृष्टिहीन अर्जदाराने २००५ मध्ये लावलेला खटला. तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने म्हटलं, की सुगम्यतेची मानकं सांगणारा दिव्यांगजन हक्क अधिनियमाखालच्या २०१७ च्या नियमांतला पंधरावा नियम मूळ कायद्याशी विसंगत आहे, कारण तो नुसत्या शिफारशी करतो. आणि पाळलेच पाहिजेत असे किमान नियम केंद्राने तीन महिन्यांत करावेत. काकांनी त्याची बातमी कापून माझ्या दाराच्या फटीतून आत सरकवली होती. वर पेन्सिलने एकच शब्द लिहिला होता: ‘शक्यतो’. त्याला गोल करून वर काट मारली होती.

यंदाची वार्षिक सभा सप्टेंबरमध्ये झाली. विषय क्रमांक चार. आयत्या वेळचा नव्हे. ‘लिफ्टलगतची जागा क्रमांक एक, तिच्या उजव्या बाजूच्या साडेतीन फुटांच्या पट्ट्यासह, अपंग सभासद अथवा त्याच्या घरातील अपंग व्यक्तीसाठी राखीव राहील. गरज दरवर्षी समिती तपासेल. पट्ट्यावर कोणतेही वाहन अथवा वस्तू ठेवू नये. ठेवल्यास प्रत्येक वेळी ५०० रुपये आकारले जातील.’ मसुदा मी केला होता, त्यात ‘शक्यतो’ कुठे राहिला नाही ना ते काकूंनी तपासलं. चर्चा चाळीस मिनिटं चालली. आठवाल्यांनी ठरावाच्या बाजूने हात वर केला, त्याचं मला आश्चर्य वाटलं. सोळावाल्यांनी मापात एक दुरुस्ती सुचवली, ती स्वीकारली. एकवीसवाले बोलले नाहीत.

तेरा विरुद्ध पाच, तीन तटस्थ. विरोध करणाऱ्या पाचही जणांची नावं त्यांच्याच आग्रहावरून इतिवृत्तात घातली आहेत. पट्ट्याच्या रेघा दोन पावसाळ्यांत पुसट झाल्या होत्या. नवरात्रात पिवळ्या ऑइलपेंटचा एक लिटरचा डबा आणून त्या पुन्हा ओढल्या, आणि रंग वाळेपर्यंत वॉचमनने तिथे खुर्ची टाकली. त्या रात्री पट्ट्यावर लावलेल्या एका स्कूटरला पहिला दंड झाला. स्कूटर माझ्या मुलाची होती. पावती क्रमांक एक, रुपये पाचशे, रोख.